ताऱ्यांच्या रेघा मध्येच तुटतात, काय चुकतंय?

जागल्या | गुरुवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसता वाचतो आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय.

गाव यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यात. घरची शेती. खरिपात कापूस-तूर, आता चार एकर हरभरा उभा आहे. आमच्या फीडरवर पंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते. रात्रीच्या आठवड्यात मुक्काम वावरातच. स्प्रिंकलर सुरू करून दिले की पाइप बदलेपर्यंत हातात वेळच वेळ, आणि वर आभाळ गच्च भरलेलं.

आमचे आबाजी (आजोबा) ८४ वर्षांचे आहेत. त्यांची उमर जागलीत गेली. घड्याळ नव्हतं. तिकांडं, म्हणजे मृगाच्या पोटातले ते तीन तारे, कुठवर आलं यावर ते रात्र मोजायचे. बाज (सप्तर्षी) उगवली की इतके वाजले, बाजेमागचे तिन्ही चोर वर आले की इतके. आता गुडघ्यांमुळे रात्री धुऱ्यावर चालणं त्यांना होत नाही. म्हणून मनात होतं की आभाळ चालताना दिसेल असा एक फोटो त्यांच्यासाठी काढावा.

कॅमेरा सेकंडहँड डीएसएलआर, क्रॉप सेन्सर, २४ मेगापिक्सेल, सोबतची १८-५५ लेन्स. मार्गशीर्ष अमावास्येच्या रात्री मचाणाच्या मागे ध्रुव धरून लावला. १८ मिलिमीटर, लेन्सचं छिद्र एफ ३.५, आयएसओ (प्रकाश टिपायची संवेदनशीलता) १६००, शटर ३० सेकंद, आणि कॅमेऱ्यातल्या इंटरव्हल टायमरला ३१ सेकंद दिले, म्हणजे दोन फोटोंच्या मध्ये एकच सेकंद जाईल या हिशोबानं. ८.४० ते १०.४०, बरोबर दोन तास. घरी येऊन सगळे फोटो स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये जोडले.

रेघा आल्या, पण तुटक. गोधडीला धावदोरा घालावा तशा. टाका, फट, टाका, फट. सगळ्या फटी सारख्या. वर मचाणही दोनदा उमटल्यासारखं पुसट दिसतंय.

आबाजींना लॅपटॉपवर दाखवला. बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "तारे का थांबून थांबून चालतेत काय बाबू?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं आहे. कृपया सांगा.

रानजाई | गुरुवार, रात्री ९.४८

जागल्या भाऊ, पहिला संशय 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन'वर. ते चालू असलं की कॅमेरा ३० सेकंदांचा फोटो काढतो, मग शटर बंद ठेवून तेवढ्याच वेळाचा एक काळा फोटो स्वतःशी काढतो आणि पहिल्यातून वजा करतो. तोवर आकाश पुढे सरकलेलं असतं. रेघ जितकी लांब तितकीच फट लांब, तुम्ही म्हणता तसाच धावदोरा. मेन्यूत जाऊन बघा.

बाजेचं वाचून आनंद झाला. आमच्याकडे ब्रह्मपुरीकडेही म्हातारी माणसं खाटच म्हणतात, चार तारे खाटेचे पाय आणि मागे तीन चोर.

जागल्या | गुरुवार, रात्री १०.०५

ताई, बघितलं. ते बंदच आहे. आधी इथंच कुणीतरी लिहिलेलं वाचून बंद केलं होतं.

खग्रास | गुरुवार, रात्री १०.३१

दोन गोष्टी सांग. एकूण फोटो किती आले? आणि लागोपाठच्या चार फोटोंवरची वेळ सेकंदांसह लिही, फाइलच्या माहितीत असते.

जागल्या | गुरुवार, रात्री १०.४४

फोटो ११६. मोजलेच नव्हते, आता मोजले. दोन तासांत २३० च्या आसपास यायला हवे होते ना?

वेळा: ८.४०.०५, ८.४१.०७, ८.४२.०९, ८.४३.११.

खग्रास | गुरुवार, रात्री ११.२०

सापडलं. दर फोटो ६२ सेकंदांनी आहे. ६२ म्हणजे ३१ ची दुप्पट. तुझा कॅमेरा एक पाळी सोडून एक फोटो काढतोय.

का, ते समजून घे. शटरचे आकडे दुपटीने वाढतात: १, २, ४, ८, १६, आणि मग ३२. बहुतेक कॅमेऱ्यांवर शेवटच्याला लिहिलेलं असतं ३०, पण शटर उघडं राहतं ३२ सेकंद. आपल्याला फसवायला नाही, जुन्या काळापासून गोल आकडा लिहायची पद्धत आहे. आता तुझ्या टायमरचं 'इंटरव्हल' म्हणजे एका फोटोच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंतचा वेळ. तू दिले ३१. ३१ व्या सेकंदाला टायमर म्हणतो 'काढ', तेव्हा शटर अजून उघडंच असतं. ती हाक वाया जाते. पुढची हाक ६२ व्या सेकंदाला. ३२ सेकंद रेघ, ३० सेकंद फट.

रानजाई ताईंचा संशय बरोबर असता तर वेळा वेगळ्या दिसल्या असत्या. ३२ आणि ३२ मिळून ६४, म्हणजे ६२ ची हाकही हुकली असती आणि फोटो ९३ सेकंदांनी आले असते. म्हणून मी वेळा मागितल्या. तुटक रेघांची तक्रार आली की मी आधी घड्याळच बघतो, फोटो नंतर.

उपाय: इंटरव्हल ३४ ठेव. त्याहून चांगलं म्हणजे इंटरव्हल टायमर सोडून दे, ड्राइव्ह 'कंटिन्युअस'वर ठेव आणि वायरवाल्या रिमोटचं बटण दाबून लॉक कर. शटर बंद झालं की लगेच उघडतं, मधली फट सेकंदाच्याही आत. तो साधा रिमोट स्वस्तात मिळतो.

गणिताची_वही | शुक्रवार, सकाळी ७.१५

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते. खग्रास यांनी कारण सांगितलं, त्यावर थोडा हिशोब मांडते, कारण हे एकदा कळलं की स्टार ट्रेलची, म्हणजे अशा रेघांच्या फोटोंची, अर्धी कोडी सुटतात.

पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत घेते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि सेकंदाला १५ विकला (एका अंशाच्या ३६०० विकला). जागल्या यांच्या कॅमेऱ्यावर १८ मिलिमीटरला एक पिक्सेल जवळपास ४५ विकला आकाश व्यापतो. भागाकार करा: खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या नेमका वरचा) तारा एका पिक्सेलवर फक्त ३ सेकंद थांबतो. मग पुढच्या घरात.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ३० सेकंदांची फट म्हणजे १० पिक्सेलची भेग, ती दिसणारच. एक सेकंदाची फट म्हणजे पिक्सेलचा तिसरा हिस्सा, ती डोळ्याला दिसत नाही. पण हीच फट १०० मिलिमीटरच्या लेन्सवर जवळपास दोन पिक्सेलची होते. लेन्स लांब तितकी घाई जास्त.

दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. तारा एका पिक्सेलवर तीनच सेकंद असेल, तर शटर ३० सेकंद ठेवा की दोन तास, रेघेची चमक तेवढीच राहणार. ती वाढवायची तर छिद्र मोठं करा किंवा आयएसओ वाढवा. याउलट, रिकामं आकाश कुठे जात नाही. गावातल्या दिव्यांची आभाळावरची चकाकी त्याच पिक्सेलवर साचत राहते. दोन तास सलग शटर उघडं ठेवलं तर ती ३० सेकंदांच्या २४० पट होईल आणि फोटो पांढरा पडेल. म्हणून तुकडे करायचे. जोडताना दर पिक्सेलला सगळ्या फोटोंतला सर्वांत उजळ आकडा ठेवायचा, बेरीज करायची नाही. म्हणजे आकाश एका फोटोइतकंच काळं राहतं आणि रेघा मात्र सगळ्या उरतात. सारी गंमत त्या 'सर्वांत उजळ'मध्ये आहे.

आबाजींना सांगा, तारे चालतच होते. डोळा कॅमेऱ्याचा मिटत होता.

पुण्यात_वऱ्हाडी | शुक्रवार, सकाळी ९.०२

दर पावसाळ्यात सुट्टी काढून घरी जातो आणि ढग बघून परत येतो. हा धागा वाचून ठरवलं, यंदा हिवाळ्यात जाणार. तिकांडं हा शब्द पंचवीस वर्षांनी वाचला.

विवरकाठ | शुक्रवार, दुपारी १.३०

मचाण दोनदा उमटलंय त्याबद्दल. ट्रायपॉड कुठे रोवला होता? ओलित केलेल्या काळ्या मातीत असेल तर तो दोन तासांत खचला. आपली काळी माती भिजली की लोण्यासारखी, कॅमेरा हळूहळू एका पायावर कलतो. डोळ्याला कळत नाही, पण पहिला आणि शेवटचा फोटो एकावर एक ठेवून पाहा, कळेल. मी तिन्ही पायांखाली चपटे दगड ठेवतो, दगड नसले तर विटा. मधला दांडा वर काढायचा नाही, आणि कॅमेऱ्याचा पट्टा लोंबता ठेवायचा नाही, वाऱ्यावर आपटतो. लेन्सचं कंपनरोधक बटण ट्रायपॉडवर बंद.

शक्य असेल तर वावर सोडून जवळच्या मुरमाड टेकाडावर जा. ओलिताच्या हरभऱ्यावर मध्यरात्रीनंतर दवही जास्त पडतं.

आता मांडणीबद्दल, कारण याबद्दल मला खूप बोलायचं असतं. इंटरनेटवर युरोपातले फोटो बघून लोक म्हणतात की आमच्याकडे तशी पूर्ण वर्तुळं का येत नाहीत. ध्रुव क्षितिजापासून तितक्याच अंशांवर दिसतो जितके आपले अक्षांश. लोणारला २०, नागपूरला २१ च्या जरा वर. तिकडे तो ५०-५५ अंशांवर असतो. ध्रुवाभोवतीचं वर्तुळ पूर्ण दिसायचं तर त्याची त्रिज्या आपल्याकडे वीस-एकवीस अंशांच्या आत हवी. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा त्याच्या बाहेर पडतात, म्हणून त्या आपल्याकडे उगवतात आणि मावळतात. तिकडे बाज मावळतच नाही. आबाजींना बाजेवर रात्र मोजता आली ती यामुळेच.

यात मला उणं काही वाटत नाही. ध्रुव खाली असल्यामुळे १८ मिलिमीटरला आडव्या फोटोत जमीन आणि ध्रुव दोन्ही आरामात बसतात. मचाण, बाभूळ, देवळाचा कळस, काहीही त्याच्या खाली धरा. मी लोणारच्या दक्षिण काठावरून उत्तरेकडे तोंड करून काढतो: खाली जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद विवराचा काळा कटोरा, वर वर्तुळं. तिकडच्यांना अशा फोटोसाठी कॅमेरा आभाळाकडे इतका वर करावा लागतो की जमीन सुटते.

आणि उत्तरच धरली पाहिजे असं नाही. पूर्वेला लावा: मधल्या रेघा जवळपास सरळ, उभट तिरप्या वर चढतात, डावीकडच्या ध्रुवाकडे वळतात, उजवीकडच्या दक्षिणेकडे. दक्षिणेला लावा: अगस्त्य क्षितिजावर सोळा-सतरा अंशांपर्यंत येतो आणि बुटकी कमान काढून जातो. ही कमान लंडनच्या माणसाला घरून कधी दिसत नाही.

चिखलदऱ्याचं_धुकं | शुक्रवार, रात्री ८.५०

मी हे फिल्मवर केलं आहे. तेव्हा जोडणं वगैरे नव्हतं. २०० आयएसओची फिल्म, बल्बवर (हवं तितका वेळ उघडं) शटर, केबल रिलीजचा स्क्रू घट्ट, आणि तीन तास एकच फोटो. गाविलगडाच्या बाजूला एका रात्री सगळं जमून आलं होतं. अडीच तास झाल्यावर वळणावरून एक जीप आली, दिवे सरळ लेन्सवर. त्या एका क्षणात अडीच तास गेले. रोल धुऊन आल्यावर हातात फक्त पांढरा पट्टा. आज तीच जीप आली तर २४० फोटोंतला एक फोटो बाजूला काढायचा, बस. नव्या मुलांना या सोयीची किंमत सांगाविशी वाटते म्हणून लिहिलं.

दवाचा मुद्दा विवरकाठ यांनी काढलाच आहे. डिसेंबर-जानेवारीत रात्री अकरानंतर लेन्सवर दव बसतं आणि फोटो एकेक करून मऊ होत जातात, रेघा शेवटाकडे विरघळल्यासारख्या दिसतात. पुसायला गेलात की कॅमेरा हलला. यूएसबीवर चालणारी गरम पट्टी मिळते, पॉवर बँकेवर रात्रभर जाते. ती नव्हती तेव्हा मी मोज्यात तांदूळ भरून तव्यावर गरम करायचो आणि लेन्सच्या नाकाशी रबराने बांधायचो. तासभर पुरतं. जागल्या, तुमच्याकडे शेकोटी असेलच, पण तिचा धूर लेन्ससमोर येऊ देऊ नका आणि उजेडही.

आणखी एक. मे महिन्यात हाच प्रयोग करून निराश होऊ नका. सेन्सर सहा-सात अंशांनी तापला की त्याच्यातला खोटा उजेड साधारण दुप्पट होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात मध्यरात्रीही ३० अंश असतात. लाल-निळे ठिपके सगळीकडे येतात, आणि 'सर्वांत उजळ' पद्धत त्यांनाही तारेच समजून जपून ठेवते. अशा वेळी शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच शटर-आयएसओवर आठ-दहा काळे फोटो काढायचे. सॉफ्टवेअर ते वजा करतं. रानजाई ताई म्हणतात ते वजाबाकीचं काम आपण शेवटी एकदाच करायचं, दर फोटोमागे नाही.

काटोल_नाका | शुक्रवार, रात्री ९.३०

मोबाइलवर होतं का हे? संत्र्याच्या बागेत ट्रायपॉड लावायला जागा चांगली आहे, कॅमेरा नाही.

खग्रास | शुक्रवार, रात्री ९.५५

होतं. प्रो मोडमध्ये शटर ३० सेकंद जातं का बघा, नाहीतर १० चालेल. आयएसओ ८०० ते १६००, फोकस हातानं अनंतावर, फोन एअरप्लेन मोडवर. एकामागोमाग एक काढून देणारं अॅप घ्या. जोडायची पद्धत तीच.

जागल्या, पुढच्या खेपेसाठी जोडणीबद्दल लिहून ठेवतो.

स्टारस्टॅक्समध्ये 'गॅप फिलिंग' नावाचा पर्याय आहे. तुला कुणी सांगेल की त्याच ११६ फोटोंवर तो लाव, काम होईल. लावू नकोस. ती सोय एक-दोन पिक्सेलच्या भेगांसाठी आहे. दहा पिक्सेलच्या भेगा बुजवायला गेलास तर रेघांवर मणी ओवल्यासारख्या गाठी येतील. आणि माझं स्पष्ट मत आहे, जे आकाश कॅमेऱ्याने पाहिलंच नाही ते आपण भरू नये. परत काढ.

विमानं. नागपूरवरून देशाच्या चारही दिशांचे हवाई मार्ग जातात, त्यामुळे आपल्या फोटोत दर दोन-चार मिनिटांनी एक ठिपक्यांची रांग येणारच. जोडण्याआधी त्या-त्या फोटोत विमानाच्या रेघेवर काळा ब्रश फिरव. काळं 'सर्वांत उजळ'मध्ये कधीच निवडलं जात नाही, आणि ताऱ्याची रेघ जिथे कापली जाते ती जागा डोळ्याला सापडत नाही. दोनशे फोटोंत हे काम कंटाळवाणं आहे. मी बसून करतो, आवडतं मला.

जमीन वेगळी काढ. सूर्य मावळून आभाळ निळं असतानाच, ट्रायपॉड न हलवता, मचाणाचा एक चांगला फोटो घेऊन ठेव. नंतर तो रेघांच्या फोटोखाली बसवायचा. जमीन रात्रीच्याच फोटोंतून हवी असेल तर 'सर्वांत उजळ' नको, सरासरी घे. सरासरीने खरखर जाते. आकाशाला मात्र सरासरी लावायची नाही. तिथे प्रत्येक पिक्सेलवर तारा एखाद्याच फोटोत असतो, तो पुसला जाईल.

फोकस: लाइव्ह व्ह्यू, पडदा दहापट मोठा, ब्रह्महृदय किंवा व्याधावर. तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला की रिंगवर चिकटपट्टी.

रानजाई | शनिवार, सकाळी ८.२०

सगळे कॅमेऱ्याचं बोलताहेत, मी पायाचं बोलते. जागल्या भाऊ स्वतःच्या वावरात आहेत, पण हा धागा वाचून शहरातून कुणी निघेल म्हणून.

रात्री दुसऱ्याच्या वावरात विचारल्याशिवाय शिरू नका. रानडुकरं आणि रोह्यांसाठी लोक तारा लावतात. झटका मशीन असेल तर नुसता दणका बसतो, पण काही ठिकाणी कायद्याविरुद्ध सरळ लाइन सोडलेली असते आणि त्यात माणसं गेली आहेत. शेतकऱ्याला दिवसा भेटा, कुठे काय आहे ते विचारा, रात्री येणार म्हणून सांगा. गमबूट घाला. थंडीत साप कमी, पण नसतातच असं नाही.

आमच्याकडे आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या बहुतेक भागात जंगलालगत रात्री बाहेर बसूच नका. मी मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरचे ट्रेल काढले ते गावाला लागून, चार माणसं सोबत घेऊन आणि वनरक्षकाला सांगून. पाण्यात ताऱ्यांच्या रेघा उलट्या उमटतात, वरच्या वर्तुळांची जोडीदार वर्तुळं खाली पाण्यात दिसतात. आपल्या कमी अक्षांशाला ही सुंदर भरपाई आहे. पण त्यासाठी वारा पडलेला हवा.

जागल्या | शनिवार, रात्री १०.४०

सगळ्यांचे मनापासून आभार. आज तालुक्याला जाऊन रिमोट घेतला. ट्रायपॉड खरंच ओल्या मातीत होता, विवरकाठ दादांनी न बघता ओळखलं. पौष अमावास्येची वाट बघतो.

एक अडचण अजून. गावात चौकात मागच्या वर्षी हायमास्ट (उंच खांबावरचा मोठा दिवा) लागला. पांढराशुभ्र. त्याची चकाकी दीड किलोमीटरवर आमच्या वावरातून उत्तरेला क्षितिजापासून बरीच वर दिसते, नेमकी ध्रुवाखाली. दिवा नको असं मी म्हणू शकत नाही. त्याच्याखाली पोरं अभ्यास करतात, बायाबापड्या रात्री निर्धास्त जातात. पण तो वर आभाळाला कशासाठी लावायचा, हा प्रश्न पडतो.

विवरकाठ | शनिवार, रात्री ११.१५

बरोबर प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर आपल्या विदर्भातच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला, भारतात पहिलाच. त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले शंभराहून जास्त दिवे बदलले. काढले नाहीत, बदलले. वरून झाकलेले, उजेड फक्त खाली, रंग पिवळसर. पिवळसर यासाठी की निळसर पांढरा उजेड हवेत जास्त विखुरतो. रस्ता तितकाच दिसतो. ग्रामसभेत हे उदाहरण सांगा, वर जाणारा उजेड म्हणजे वाया जाणारं बिल हेही सांगा. लोक ऐकतात.

पुण्यात_वऱ्हाडी | रविवार, सकाळी ८.३०

पेंचचं माहीत नव्हतं. अभिमान वाटला.

जागल्या | बुधवार, रात्री ११.५० (पौष अमावास्येनंतर)

मंडळी, झाला.

हकीकत लिहितो. सरपंचांना पेंचचं सांगितलं, त्यांनी झाकणाचं बघतो म्हणून शब्द दिला. त्या रात्रीपुरतं मी विचारलं की आठ ते दहा हायमास्ट बंद ठेवता येईल का. चौकातल्या दुकानदारांशी ते स्वतः बोलले आणि दिवा दोन तास बंद राहिला. चार-पाच पोरं वावरात बघायला आली, त्यांना टॉर्च न लावण्याची शपथ घातली.

टेकाडावर मचाण नाही, म्हणून वावरातलं मचाणच धरलं, पण कोरड्या बाजूनं, पायांखाली विटा. सहा वाजता निळ्या आभाळाचा एक फोटो घेतला. मग रिमोट लॉक. आठला सुरू, दहाला बंद. फोटो २२१. तांदळाचा मोजा आईने दोनदा गरम करून पाठवला. शेवटी दहा काळे फोटो. विमानं सतरा, सगळ्यांवर काळा ब्रश फिरवला, दोन संध्याकाळी गेल्या.

रेघा अखंड आल्या. एकही टाका नाही.

यवतमाळहून मोठा प्रिंट काढून आणला. आबाजींनी खाटेवर मांडीवर घेतला, चष्मा लावला. बाज कुठून वर आली ते बोटानं दाखवलं, माझ्या आधी. मग बोट रेघांवरून आत आत नेत मधोमध आणलं. तिथे एक जाड, अगदी तोकडी रेघ आहे, नखाएवढी.

"हा ध्रुव?"

"हो."

"हा बी हालला."

मी त्यांना समजावलं की ध्रुव खऱ्या मध्यापासून जरा बाजूला आहे, म्हणून त्याचंही छोटं वर्तुळ होतं. त्यांनी विचारलं, "मंग हालत नाई तो कोनता?" मी मधला रिकामा काळा ठिपका दाखवला. "तिथं तं काहीच नाई," म्हणाले, आणि तिथंच बघत राहिले. रात्री जेवताना पुन्हा विषय काढला. आईला सांगत होते की आपण उमरभर ज्याच्यावर दिशा धरली तोही चालतोच आहे, फक्त हळू.

गणिताची_वही | गुरुवार, सकाळी ६.५०

डोळे भरून आले वाचून. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून पाऊण अंशाहूनही कमी अंतरावर आहे. तुमच्या फोटोत ती त्रिज्या साधारण ५० पिक्सेल, दोन तासांत ३० अंश, म्हणजे रेघ २६-२७ पिक्सेलची. आबाजींनी नखाएवढी रेघ प्रिंटवर नुसत्या डोळ्यांनी ओळखली. हा फोटो मला शाळेत लावायला द्याल का? मुलांना पुस्तकातली आकृती दाखवून मी थकले आहे.

जागल्या | गुरुवार, दुपारी २.१५

ताई, नक्की. पेनड्राइव्हवर मूळ आकारात देतो.

आबाजींनी आता दुसरं काम सांगितलं आहे. तिकांडं मावळताना हवं आहे. जागलीचा शेवट त्यावर ठरायचा म्हणे. कधी आणि कुठे तोंड करून लावू?

खग्रास | गुरुवार, रात्री ९.०५

माघ अमावास्येला. अकरा वाजता तिकांडं पश्चिमेला ३० अंशांच्या आसपास असेल, पश्चिमेच्या थोडं डावीकडे. तिथून उजवीकडे झुकत उतरेल आणि एक वाजून गेल्यावर मावळेल. ते जवळपास खगोलीय विषुववृत्तावर आहे, म्हणून रेघा वाकणार नाहीत, तीन सरळ समांतर रेघा येतील आणि बरोबर पश्चिम बिंदूजवळ टेकतील. ती जागा दिवसा होकायंत्रानं बघून ठेव आणि तिथे काहीतरी धर, झाड किंवा विहीर. ३५ मिलिमीटर लाव, १८ ला तिन्ही रेघा फार जवळ येतील. ३५ ला तारा पिक्सेलवर दीडच सेकंद थांबतो, म्हणून आयएसओ ३२०० कर. रिमोट लॉकच ठेव.

जागल्या | गुरुवार, रात्री ९.२०

पश्चिमेला आमची जुनी विहीर आहे, मोटेच्या थारोळ्यासकट. आबाजींनीच खणली होती. तीच धरतो.